डेंझिल नॅन्स वळत होता

रविवार, ४ ऑगस्ट १९९६. संध्याकाळी ६.४०

आज लाल झेंडा वर केला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

रागाच्या भरात काही लिहू नये म्हणून आधी आंघोळ केली, चहा घेतला, नखं कापली. आता शांत आहे. वस्तुस्थिती अशी:

हार्बर कपची रेस. वर्षातून एकदाच होते, जो पहिला येईल त्याला कप. शेवटच्या बोयाजवळ डेंझिल नॅन्स पुढे, त्याच्यामागे दोन बोटींच्या अंतरावर आम्ही (सुकाणूवर मी, पुढच्या शिडाच्या दोरीवर बायको, मॉरवेना), आणि आमच्या मागे, थोड्या बाजूला, मिस कार्लायन. वारा तोंडावर. अशा वेळी डेंझिलने सरळ माझ्या पुढ्यात बोट वळवली. वळणाऱ्याने सरळ जाणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम आहे. त्याने दिली नाही. मला सुकाणू ढकलावं लागलं. मी "प्रोटेस्ट!" असं ओरडलो आणि त्याच क्षणी तक्रारीचा झेंडा वर केला. नियमाप्रमाणे ओरडणं आणि झेंडा, दोन्ही लागतात. डेंझिलने मागे वळून हात हलवला. जणू मी त्याला गुड मॉर्निंग म्हणत होतो.

तो पहिला. मी दुसरा. मिस कार्लायन तिसऱ्या. (वय एकाहत्तर. बोटीत एकट्या. सोबत थर्मास.)

तक्रारीचा फॉर्म रेस संपल्यापासून दोन तासांत द्यावा लागतो. एक तास बावन्न मिनिटांनी क्लबच्या पेटीत टाकला आणि कोणाशी एक अक्षर न बोलता घरी आलो.

हा सूड नाही. तसं असतं तर गेल्या सात वर्षांत सात फॉर्म भरले असते.


सोमवार, ५ ऑगस्ट

स्वतःला स्पष्ट विचारलं, हेडली रोझवॉर्न, हा सूड आहे का? उत्तर: नाही.

तरीही प्रामाणिकपणे नोंदवतो की गेल्या वर्षी बक्षीस समारंभात डेंझिल हातात कप घेऊन सगळ्या पोलवेन गावासमोर म्हणाला, "हेडलीच्या बोटीची सगळी पुस्तकं वाचून झालीत बरं का. आता फक्त चालायला शिकायचंय." हॉलमध्ये हशा. मॉरवेना म्हणते ती हसली नाही. मला पाठीमागून तिचे खांदे दिसत होते.

याचा कालच्या घटनेशी संबंध नाही. नोंद फक्त पूर्णतेसाठी.

फॉर्ममधलं मुख्य वाक्य पुन्हा वाचलं. 'डेंझिल नॅन्स वळत होता.' समाधान वाटलं. 'वळला' असं लिहिलं असतं तर तो वळून, मोकळा होऊन, पुढे निघून गेला असता. 'वळत होता' म्हटलं की तो तिथेच पकडला जातो, अर्धा इकडे अर्धा तिकडे, शीड फडफडतंय, तोंड उघडं. इंग्रजी भाषेतला हा काळ ज्याने शोधून काढला, त्यालाही कोणीतरी डेंझिल भेटलेला असणार.


मंगळवार, ६ ऑगस्ट. दुपारी

फॉलमथच्या भाषाशाळेत माझा इंग्रजीचा उन्हाळी वर्ग सुरू. परदेशी प्रौढ विद्यार्थी, अकरा जण. आजचा धडा योगायोगाने अपूर्ण भूतकाळ. (खरं तर पुस्तकात तो तिसऱ्या आठवड्यात आहे. पण पाया लवकर घालावा.)

शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही, नागमोडी जावं लागतं, आणि प्रत्येक वळणाला टॅक म्हणतात, हे फळ्यावर काढून दाखवलं. वाक्य दिलं: 'शिक्षक ओरडले तेव्हा डेंझिल वळत होता.' मग प्रत्येकाला स्वतःचं वाक्य करायला सांगितलं.

इग्नासियो, व्हॅलेन्सियाचा दंतवैद्य: "डेंझिल वळत होता तेव्हा मी जेवत होतो." बरोबर.

इटलीची बाई: "डेंझिल का वळत होता? तो दुःखी होता का?" व्याकरण बरोबर. सूर चुकीचा.


बुधवार, ७ ऑगस्ट

सुनावणी पुढे ढकलली आहे. कारण ऐकून मी बसलोच. सुनावणीला निःपक्षपाती माणसं लागतात, आणि आमच्या क्लबच्या कमिटीत चारच जण आहेत: डेंझिलचा मेव्हणा, डेंझिलचा चुलतभाऊ, ज्याच्या बोटीला डेंझिलने गेल्याच महिन्यात नवा तळ बसवला तो ट्रेगेंझा, आणि डेंझिलची आई.

शेवटी नदीपलीकडच्या क्लबातून तिघे येणार. अध्यक्ष मिसेस पेंडर, निवृत्त न्यायाधीश. तारीख २४ ऑगस्ट.

उत्तम. सतरा दिवस. पुरवणी निवेदन लिहायला घेतो.

निश्चय: सुनावणीपर्यंत क्लबात पाऊल ठेवायचं नाही. कोणाशी या विषयावर बोलायचं नाही. पक्षकाराने स्वच्छ राहिलं पाहिजे.

मॉरवेना साक्षीदार आहे. तिला समोर बसवून समजावलं की पक्षकार आणि साक्षीदार यांनी प्रकरणाबद्दल एकमेकांशी बोलू नये.

ती म्हणाली, "अरे पण हेडली, बोर्डावर..."

मी हात वर केला.

ती म्हणाली, "मी काय म्हणते ते एकदा ऐकून तर घे."

मी दोन्ही हात वर केले.

"बरं बाबा," म्हणाली. "चोवीस तारखेपर्यंत तोंड बंद. जेवण वाढलंय हे तरी सांगू का?"

तिला नियम पटला. मला तिचा अभिमान वाटला.


शनिवार, १० ऑगस्ट

सकाळी बेकरीत डेंझिल. हातात मांस-बटाटा भरलेली पास्टी, अंगावर तोच रंगाचे डाग पडलेला स्वेटर. म्हणाला, "काय राजा! खूश ना आता?"

खूश! सात वर्षं कप घरी नेऊन वर मला विचारतो खूश का.

मी म्हणालो की पक्षकाराशी प्रकरणाबद्दल बोलण्याची मला परवानगी नाही.

"कसलं प्रकरण?" म्हणाला. "प्रकरण संपलं की रे!"

निकालाआधीच स्वतःला निर्दोष ठरवून मोकळा. बेकरीवाली हसली. मी केशराचा पाव न घेताच बाहेर आलो. परत जाऊन घेणं शक्य नव्हतं, त्यामुळे चहाबरोबर काही नाही.

आरशासमोर उभं राहून निकाल ऐकतानाचा चेहरा करून पाहिला. गंभीर, किंचित खिन्न, विजयाचा मागमूस नाही. तिसऱ्या प्रयत्नात जमला. डावी भुवई सांभाळली पाहिजे.


रविवार, ११ ऑगस्ट

दारात वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार बांगडे. डेंझिलचंच काम; गावात मासे मिळाले की तो असे दारोदार ठेवत जातो. पण या वर्षी हे दार एका पक्षकाराचं आहे. ही लाच की शेजारधर्म? दोन्ही बाजूंनी विचार केला. परत करावेत तर त्याच्याशी बोलावं लागेल. फेकावेत तर अन्नाचा अपमान. मॉरवेनाने तोवर तळले होते.

तीन खाल्ले. पुरावा म्हणून ठेवण्यासारखी वस्तू नव्हती. निवेदनात परिशिष्ट ड म्हणून उल्लेख केला आहे, वजनासह.


मंगळवार, १३ ऑगस्ट

पुरवणी निवेदन: आठ पानं. वाऱ्याचा वेग, भरतीची वेळ, तीन आकृत्या.

स्वतःच्या बाजूचं तेवढं लिहायचं आणि गैरसोयीचं गाळायचं, हे माझ्याच्याने होत नाही. म्हणून त्या क्षणी प्रत्येक जण काय करत होता ते सगळं लिहिलं. मी ओरडत होतो. डेंझिल वळत होता. मॉरवेना दोरी हातात घेऊन उजव्या बाजूकडून डाव्या बाजूला जात होती. मिस कार्लायन यांचा थर्मास घरंगळत होता (आवाज ऐकू आला). एक बगळा उडत होता.

मिस कार्लायन यांनाही साक्षीला बोलावलं आहे. त्यांना सगळं दिसलं असणार. शिवाय त्यांनी अख्ख्या गावाला पहिलीत शिकवलं. त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

पान नऊसाठी एक कलम बाजूला काढून ठेवलं: सुनावणीत जो पक्षकार असेल त्याने कुठलाही नियम मोडल्याचं दिसून आलं, तर त्या नियमाचा तक्रारीत उल्लेख नसला तरी त्याला बाद करावं. डेंझिलने आयुष्यात नियमांचं पुस्तक उघडलेलं नाही. एक नियम हुकला तर दुसऱ्यात सापडेल. निसटायला भोक ठेवणार नाही.


गुरुवार, १५ ऑगस्ट

वर्गात आकृती दोन (त्या क्षणी कोण कुठे होतं, मॉरवेनासकट) वाचनासाठी वाटली. प्रत्येकाने त्यावर दहा वाक्यं, अपूर्ण भूतकाळात. डेंझिल एकूण एकशे दहा वेळा वळत होता. घरी येताना गाडीत गुणगुणत होतो.

एकच कुरकुर. बिर्गिट म्हणून ऑरहूसची एक डॅनिश बाई आहे, सहाव्या वर्षापासून बोटीत. वर्ग सुटल्यावर थांबली. म्हणाली, "मिस्टर हेडली, तुमच्या मिसेस बाजू का बदलत होत्या?"

मी म्हणालो, त्या दोरी सांभाळत होत्या.

"हो, पण बोट सरळ जात असताना कोणी बाजू बदलत नाही. बोट वळायला लागली की आडव्या काठीखालून वाकून पलीकडे जातात. आमच्याकडे तरी."

मी म्हणालो, मॉरवेना फार तत्पर आहे.

बिर्गिट आकृतीकडे बघत राहिली. "आणि ही मागची तिसरी बोट? ती कुठे गेली?"

मी तिला सांगितलं की तिसरी बोट या धड्यात नाही.

डॅनिश बोटी वेगळ्या बनावटीच्या असाव्यात. तरी शंका मनात ठेवू नये म्हणून रात्रीच्या जेवणाआधी त्या क्षणाची पुन्हा आठवण काढली. डोळे मिटून, खुर्चीत, हातात लाटणं सुकाणूसारखं धरून. आठ वेळा. आठही वेळा मी सरळ जात होतो.

बिर्गिटचा प्रश्न आणि माझं उत्तर, दोन्ही निवेदनात पान अकरावर जसंच्या तसं घातलं. लपवण्यासारखं काही नसलेला माणूस असाच वागतो.


सोमवार, १९ ऑगस्ट

मॉरवेना बारा दिवस रेसबद्दल एक शब्द बोललेली नाही. आज भांडी पुसताना मात्र म्हणाली, "समज, एखाद्याला हवं ते मिळालेलं असेल आणि त्याला ते माहीतच नसेल, तर त्याला सांगावं का नाही?"

मी विचारलं, हे प्रकरणाबद्दल आहे का?

"नाही," म्हणाली. "नवऱ्यांबद्दल."

मला वाटतं ती तिच्या बहिणीच्या संसाराविषयी बोलत असावी. सहानुभूतीने मान हलवली.


शुक्रवार, २३ ऑगस्ट

निवेदन पूर्ण. चौदा पानं, पाच परिशिष्टं.

उद्या घालायचा कोट इस्त्री केला. उद्या संध्याकाळी बोर्डावर एक कागद लागेल आणि त्यावर मिसेस पेंडर यांच्या सहीनिशी ते वाक्य असेल. आमच्या क्लबात निकालाचे कागद फाइल होतात. १९२१ पासूनचे आहेत. डेंझिल जाईल, मी जाईन, हा क्लब हॉटेलवाले विकत घेतील, पण ती फाइल कोणी उघडली तर डेंझिल नॅन्स तिथे अजून वळत असेल. माझ्यासमोर. नियमाविरुद्ध.

कपाचं मला फारसं नाही. खरंच. त्याची जागा मात्र फडताळावर करून ठेवली. बशा खालच्या कप्प्यात हलवल्या.


शनिवार, २४ ऑगस्ट. संध्याकाळी ७.१५

क्रमाने लिहितो.

दोन वाजता क्लबाचा वरचा हॉल. लांब टेबल, त्यावर निळा कागद आणि लाकडाच्या छोट्या बोटी, आपली जागा दाखवण्यासाठी. मिसेस पेंडर मधोमध, चष्मा साखळीला. डेंझिल आला तो लाकडाचा भुसा झटकत. मिस कार्लायन उजवा हात गळ्यातल्या झोळीत अडकवून. मॉरवेना माझ्याकडे न बघता.

मिसेस पेंडर म्हणाल्या, "मिस्टर रोझवॉर्न, सुरू करण्याआधी एक गोष्ट. मिस्टर नॅन्स यांनी चार तारखेला संध्याकाळीच स्वतःहून आपलं नाव निकालातून काढून घेतलंय. तेव्हापासून बोर्डावर पहिलं नाव तुमचं आहे. तुम्ही पाहिलं असेलच."

मी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे कप तुमचाच आहे. तक्रार मागे घ्यायची असेल तर आमची हरकत नाही. चहा घेऊ आणि घरी जाऊ."

मी डेंझिलकडे पाहिलं. तो म्हणाला, "तू इतका ओरडलास राजा, म्हटलं काहीतरी केलं असेल मी. पुस्तक कोण उघडत बसणार? म्हटलं काढा नाव. एखाद्या वर्षी तू ने."

एखाद्या वर्षी तू ने!

पाच मिनिटं मागून घेतली. जिन्यात मॉरवेनाला विचारलं, हे तुला माहीत होतं?

"अख्ख्या गावाला माहीत होतं. बेकरीवालीने तुझ्यासाठी केकवर बोट काढून ठेवली होती."

मग मला सांगितलं का नाहीस?

तिने दोन्ही हात वर केले. अगदी माझ्यासारखे.

मग हात खाली घेऊन माझी कॉलर सरळ करत म्हणाली, "घे मागे, हेडली. मिळाला ना कप? चल घरी. मी बशा कुठे गेल्या म्हणून विचारलंसुद्धा नाही तुला."

इथे मी स्वतःची कसून उलटतपासणी केली, हे नोंदवतो. मागे घेतलं तर कप घरी येतो. पण कसा? डेंझिलने दिलेला. दारात ठेवलेल्या बांगड्यांसारखा. कागदावर काय राहील? डेंझिल नॅन्स, मनाचा मोठा. पुढच्या समारंभात तो काय म्हणेल तेही मला ऐकू आलं, हशासकट. आणि ते वाक्य? ते कुठेच राहणार नाही.

आत जाऊन म्हणालो, मी मागे घेत नाही. घटनेची नोंद व्हावी.

मिसेस पेंडर यांनी चष्मा काढून पुसला. "नक्की?"

नक्की.

मी सत्तावीस मिनिटं बोललो. चांगलं बोललो. लाकडी बोटी हलवून दाखवल्या.

मग डेंझिल. "मला वाटतं मी वळून झालो होतो बुवा. सरळ लागलो होतो. पास्टी खात होतो ना."

"पास्टी?" मिसेस पेंडर.

"हो बाई. वळताना खाता येत नाही, दोन्ही हात लागतात. सरळ लागल्यावर काढली मी. हा ओरडला तेव्हा अर्धी झाली होती."

पलीकडच्या क्लबातले दोघे एकमेकांकडे बघून मान हलवू लागले. मला ते आवडलं नाही. मी निदर्शनास आणलं की पास्टी हा पुरावा नव्हे. त्यातले एक गृहस्थ म्हणाले, "तसा चांगला पुरावा आहे तो."

मग त्यांनी माझं पान अकरा उघडलं आणि मॉरवेनाला बोलावलं.

"ओरडण्याचा आवाज आला तेव्हा तुम्ही काय करत होता, मिसेस रोझवॉर्न?"

"आडव्या काठीखालून वाकून पलीकडे जात होते."

"का?"

मॉरवेनाने माझ्याकडे पाहिलं. मी तिला मानेने धीर दिला. खरं तेच सांगावं.

"बोट वळत होती म्हणून."

"कोणाची बोट?"

"आमची," ती म्हणाली. "डेंझिल वळून कधीच पुढे गेला होता. हेडलीला त्याच्यामागे लगेच वळायचं होतं. म्हणाला, सोडत नाही आता त्याला."

मी असं म्हणालो होतो का? म्हणालो असेन. वाऱ्यात काय काय बोलतो माणूस.

शेवटी मिस कार्लायन. मिसेस पेंडर यांनी विचारलं की त्या वेळी त्या काय करत होत्या.

"मी आपली सरळ चालले होते. चहा ओतणार होते. तर हा हेडली एकदम माझ्या पुढ्यात वळत होता. मग काय, लोटलं सुकाणू अंगाच्या जोराने. थर्मास पडला आणि खांदा भरून आला. अजून उतरला नाही मेला."

"तुम्ही झेंडा का नाही वर केलात?"

"अहो, पहिलीतल्या मुलाची कसली तक्रार करायची?" मिस कार्लायन म्हणाल्या. "आणि याचं लक्षच नव्हतं माझ्याकडे. एवढा चिडला होता, म्हटलं होऊ दे एकदाचा शांत."

आम्हाला बाहेर बसवलं. जिन्यात डेंझिल माझ्या शेजारी बसला. मग म्हणाला, "वाईट वाटलं रे राजा. मी सोडला होता की."

निकाल मिसेस पेंडर यांनी वाचून दाखवला. मी आरशातला चेहरा करायचा प्रयत्न केला. तो दुसऱ्या प्रसंगासाठी होता.

त्यांच्या परवानगीने निकालातलं वाक्य इथे उतरवून ठेवतो. 'ओरडण्याच्या वेळी हेडली रोझवॉर्न यांची बोट वळत होती व मिस कार्लायन यांची बोट सरळ जात होती. पान नऊवर स्वतः तक्रारदाराने उद्धृत केलेल्या कलमानुसार तक्रारदार बाद.'

डेंझिलने नाव आधीच काढलेलं. मी बाद. हार्बर कप मिस कार्लायन यांना.

त्या म्हणाल्या, "अग्गोबाई."


रविवार, २५ ऑगस्ट. सकाळी

झोप बरी लागली. मन हलकं आहे, कारण मी काहीही लपवलं नव्हतं.

अपील पंधरा दिवसांत करता येतं. तीन मुद्दे सुचले आहेत. एक: पास्टी. दोन: पास्टी गरम होती की गार, हे विचारलं गेलं नाही. तिसरा आठवत नाही.


रविवार, २५ ऑगस्ट. दुपारी

अपील फक्त नियमाच्या अर्थावर करता येतं, घटनेवर नाही. घटना म्हणजे जी घडली ती.

पुन्हा खुर्चीत बसून डोळे मिटले. लाटणं घेतलं नाही. या वेळी नुसतं मॉरवेनाकडे बघायचं ठरवलं, डेंझिलकडे नाही. ती वाकत होती. तिच्या केसांना काठी लागू नये म्हणून बोट वळवताना मी नेहमी ओरडतो, 'डोकं!' त्या दिवशीही ओरडलो होतो. 'प्रोटेस्ट'च्या आधी.

म्हणजे मला माहीत होतं.

हे लिहून ठेवतो आणि थोडा वेळ बाहेर जाऊन येतो.


सोमवार, २६ ऑगस्ट. संध्याकाळी

बक्षीस समारंभ. गेलो. न जाणं जास्त दिसलं असतं.

गेल्या वर्षीचा विजेता म्हणून केलेल्या भाषणात डेंझिल माझ्याबद्दल काही बोलला नाही. एक शब्दही नाही. मी प्रत्येक वाक्याची वाट बघत होतो. त्याने हे मुद्दाम केलं असेल तर ते फार क्रूर आहे, आणि मुद्दाम केलं नसेल तर मला काय वाटतं ते अजून ठरलेलं नाही.

मिस कार्लायन यांना कप दिला. सगळा हॉल उभा राहिला. मॉरवेना सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या, मोजक्या.

कप दोन कानांचा, चांगलाच जड. मिस कार्लायन यांना तो एका हाताने उचलेना. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "हेडली, बाळ, तू आणतोस का घरापर्यंत? खांदा तुझ्यामुळेच गेलाय तसाही."

नाही म्हणणं शक्य नव्हतं. त्यांचं घर चॅपेलच्या वर, गावातून सरळ चढ. मॉरवेना त्यांची पर्स आणि फुलं घेऊन पुढे गेली.

बंदरावर पोस्टमन भेटला. म्हणाला, "अरे वा! आलास का शेवटी पहिला!" मी थांबून सगळं समजावलं: बोर्ड, सुनावणी, कलम. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "बरं."

बेकरीपाशी दोघी बायका. "अभिनंदन हो मिस्टर रोझवॉर्न!" त्यांना थोडक्यात सांगितलं की मी बाद आहे आणि कप फक्त वाहून नेतोय.

चढाच्या मध्यावर एक जण गाडीतून हॉर्न वाजवत, अंगठा दाखवत गेला. मी तोंड उघडेपर्यंत वळण घेऊन दिसेनासा झाला.

चॅपेलच्या दारात म्हातारे मिस्टर हॉकिंग बसले होते. माझ्या वडिलांबरोबर बोटीत असायचे. त्यांनी आधी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि टोपी काढली. म्हणाले, "आज तुझा बाप हवा होता रे."

हात भरून आले होते. कप खाली ठेवायला जागा नव्हती.

मी म्हणालो, "थँक यू."

मिस कार्लायन दोन पावलं मागे होत्या. त्यांनी ऐकलं. तक्रार केली नाही.